बिसो अक्काची कबुली

बोगहवेल्यात सगळ्यात चिकट माणूस कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर त्यानं नाक्यावरच्या भाताच्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं. बिसो मेणिके ही त्या दुकानाची मालकीण. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायचे. दुपारच्या जेवणाची पुडकी विकायची, हा तिचा धंदा. निळ्या काठाचं एक पांढरं वाडगं होतं तिच्याकडे. गिऱ्हाईक समोर उभं असताना ती त्यात भात भरायची, उलथन्याची कड काठावरून सपकन फिरवायची आणि वाडगं केळीच्या पानावर उपडं करायची. काठाच्या वर एक शीत नाही, काठाच्या खाली एक शीत नाही. त्यावर डाळ, फणसाची भाजी, खोबऱ्याचं सांबोल, म्हणजे तिखट चटणी, आणि माशाचा बोटभर तुकडा. कुणी चुकून म्हणालं, ‘अक्का, डाळ जरा सढळ हातानं वाढ,’ तर ती अशी बघायची, जणू त्यानं तिच्या घराची कागदपत्रंच मागितली आहेत.

उधारीचं तर नावच काढायची सोय नव्हती. ती देत नसे आणि घेतही नसे. माझ्या बायकोकडून, चांदनीकडून, एकदा तिनं सुई नेली होती. संध्याकाळी सुई परत आली ती ओवलेल्या दोऱ्यासकट. मी हे ऐकीव सांगत नाही. तिच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत मी सोळा वर्षं भाड्यानं राहिलो. माझी रिक्षा तिच्या आंब्याखाली उभी असे आणि आमच्या दोन्ही घरांच्या मधे फक्त एक कुडाची भिंत होती. भाडं एक तारखेला दिलं नाही तर दोन तारखेला सकाळी ती भिंतीपलीकडून खोकायची. बस, तेवढंच.

आता ती नाही. म्हणून बोलतो. गावानं तिच्या नावाला एक बट्टा लावून ठेवला होता आणि तो खोटा होता, हे मला एकट्याला ठाऊक होतं. तिनं जिवंतपणी माझं तोंड बांधलं होतं.

तिचा स्वभाव असा का झाला, ते आधी सांगतो. ती सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. तेव्हाही देशाची परदेशी गंगाजळी आटली होती. बाहेरून धान्य आणायला पैसे नाहीत, पावाला रांग, साखरेला रांग. तांदूळ एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा तर दोन मापांच्या वर नेता येत नसे, रस्त्यारस्त्यावर नाकी बसवली होती. अक्काची थोरली बहीण चिलावच्या बाजूला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण झालं होतं. बाप, पुंचिबंडा, लेकीसाठी तांदूळ घेऊन निघाला. घरच्या शेतातला, स्वतः पिकवलेला. सहा मापं तांदूळ त्यानं उशीत भरून शिवला आणि बसमध्ये उशी मांडीवर घेऊन झोपेचं सोंग घेतलं. नाक्यावरच्या शिपायानं उशी नुसती दाबली. पुंचिबंडाला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. शिपायांनी उशी फाडून तांदूळ टेबलावर ओतला होता आणि येणारा जाणारा विचारायचा, ‘काय काका, झोप लागते का ह्यावर?’

बाप घरी आला, पण पुन्हा कधी चारचौघांत बसला नाही. लग्नाकार्यात गेला तर कोपरा धरायचा. अक्का म्हणायची, ‘भूक आम्ही सोसली मल्ली, ती काही मोठी गोष्ट नाही. पण माझ्या अप्पाची मान गेली ना, ती परत नाही आली.’ मल्ली म्हणजे धाकटा भाऊ, मला ती तशीच हाक मारायची. ह्या एवढ्याच गोष्टीवर तिचा आवाज जरा हलायचा.

तिचा नवरा, रत्नपाल, बसचा कंडक्टर होता. मोठा खाणारा माणूस, आणि खाण्यापेक्षा मोठा हसणारा. पंचाण्णव साली तापानं चार दिवसांत गेला. मूल नव्हतं. पण अक्कानं भाताचं माप बदललं नाही. ती दोन माणसांचे तांदूळ काढायची, आणि धुण्याआधी रत्नपालच्या वाटणीची मूठ मातीच्या एका रांजणात टाकायची. सकाळी, दुपारी, रात्री. आमच्याकडे बायका मूठ काढून ठेवतात, पण ती विहाराच्या दानासाठी, आठवड्यातून एखादी. अक्कानं नवऱ्याला तीन वेळा जेवायला घातलं, रोज. शेवटपर्यंत.

आणि वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तो रांजण रिकामा व्हायचा. वेसाकला आमच्याकडे दानसल लागतात. रस्त्याच्या कडेला मांडव घालायचा, रांधायचं आणि येईल त्याला फुकट जेवायला घालायचं. कुणी सरबत देतं, कुणी उकडलेला साबुकंद देतं. अक्काची दानसल भाताची असे. त्यात गंमत ही, की जेवणाऱ्यानं आभार मानायचे नसतात, वाढणाऱ्यानं मानायचे असतात, कारण पुण्य त्याला मिळतं. दरवर्षी मी पंचरंगी झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहायचो आणि गाड्या अडवायचो. मोटारीतले श्रीमंत, बसमधले गरीब, सगळे हसत उतरायचे. मासे विकणारा जिनदास तर तीनदा रांगेत लागायचा आणि दर वेळी नव्यानं ओळख सांगायचा. त्या एका दिवशी अक्का वाडग्याला हात लावत नसे. डाव हंड्यात बुडवायची आणि पानावर भाताची रास घालायची. लोक म्हणायचे, वर्षभराची चोरी एका दिवसात धुऊन काढते आहे. ती ऐकून घ्यायची. रांजण खरा कशाचा, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला जेवू घालते, हे काय दवंडी पिटून सांगायचं?

मग बावीस साल आलं.

एप्रिलमध्ये, आमच्या नव्या वर्षाच्या अगदी तोंडावर, सरकारनं जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडणं आम्ही तूर्त थांबवतो आहोत. गंगाजळीत डॉलर उरले नाहीत. तेलाची जहाजं किनाऱ्यापासून दिसतील एवढ्या अंतरावर येऊन उभी राहायची आणि पैसे मिळेनात म्हणून तशीच डोलत राहायची. गॅस नाही, दूध पावडर नाही, औषध नाही, दिवसाचे कितीतरी तास वीज नाही. आदल्या वर्षी रासायनिक खत एकाएकी बंद केल्यामुळे शेतं अर्धी पिकली होती, म्हणून तांदूळही सोन्याच्या भावाला गेला. मला राग ह्याचा यायचा, की मी ते कर्ज घेतलं नव्हतं. कुठे तरी कुणी तरी चकचकीत पेनानं सह्या केल्या, कुठे तरी रिकामे रस्ते आणि रिकामी भवनं उभी राहिली, आणि रिक्षा ढकलायची मी.

ढकलायची म्हणजे खरोखरच ढकलायची. पेट्रोलच्या रांगेत इंजिन चालू करणं परवडत नाही. पंपापासून अक्काच्या दुकानावरून थेट तळ्यापर्यंत रांग गेलेली. माझ्यापुढे निवृत्त मुख्याध्यापक हेरत सर, त्यांची जुनी जपानी मोटार घेऊन. त्यांच्या बायकोला दर पंधरा दिवसांनी कुरुणेगलच्या इस्पितळात न्यावं लागे. माझ्यामागे जिनदास, त्याची मोटारसायकल आणि मोकळी माशांची पेटी. सर गणिताचे. देशाचं परदेशी कर्ज भागिले माणसं, असा हिशेब त्यांनी रांगेत बसून मांडला. माणशी आठ लाख रुपयांच्या आसपास आलं. माझी धाकटी तेव्हा दहा महिन्यांची होती, तिच्यासुद्धा नावावर. जिनदास म्हणाला, ‘सर, माझ्या वाटणीचे आठ लाख कुणी खाल्ले तेवढं सांगा, मी त्यालाच मासे विकत जाईन.’ आम्ही हसलो. रांगेत पहिल्या दिवशी माणूस हसतो.

वेसाकच्या आधीच्या आठवड्यात शहरातून एक संस्था आली. नाव सांगत नाही. पांढरे शर्ट, मोठे कॅमेरे. त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला बिस्किटाचा एक पुडा दिला आणि पुडा हातात धरून फोटो काढून घेतला. ‘जरा इकडे बघा सर, पुडा छातीजवळ.’ दोन दिवसांनी हेरत सरांचा एक जुना विद्यार्थी कॅनडाहून फोन करून रडला. त्यानं सरांना फोनवर पाहिलं होतं, पुडा छातीजवळ धरलेले. सर त्याला म्हणाले, अरे, मी ठीक आहे. फोन ठेवल्यावर त्यांनी मोटारीची काच वर केली, आणि त्या उकाड्यात ती दिवसभर उघडली नाही.

त्या दिवसापासून रांगेत कुणी कुणाकडून काही घेईना. आमच्यात भेटल्यावर ‘भात खाल्लास का’ असंच विचारतात. सगळे म्हणायचे, खाल्ला. मीही म्हणायचो. घरी चांदनी कच्चा फणस उकडायची, तो मुलींना पुरायचा. मी रांगेत आहे म्हणजे बाहेर काहीतरी खाल्लं असेल असं तिला वाटायचं, आणि तसंच वाटू द्यायचो मी.

अक्काचं दुकान त्या दिवसांत नावापुरतं उघडत होतं. गॅस नाही म्हणून तिनं मागच्या अंगणात तीन दगडांची चूल घातली. पुडक्याची किंमत दुप्पट झाली आणि गिऱ्हाईक निम्म्याहून कमी. ती स्वतः दोन वेळा फणस खात होती. पण भिंतीपलीकडून मला रांजणाचं झाकण वाजलेलं ऐकू यायचं, दिवसातून तीनदा, पूर्वीसारखंच. स्वतः भात खात नव्हती, तरी त्याची मूठ टाकत होती. कुरुणेगलचा एक व्यापारी रांजणाचा वास काढत आला आणि त्यानं असा भाव सांगितला की माझे डोळे पांढरे झाले. मीच तिला म्हणालो, अक्का, ह्या वर्षी विकून टाक, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, ‘तुला कुणी विकायला काढलं तर मी भाव विचारीन.’ पुन्हा तो विषय मी काढला नाही.

वेसाकच्या रविवारी पहाटे उठून तिनं चूल पेटवली. पांढरी साडी नेसून विहारात गेली, पंचशील घेतलं, परत येऊन हंडा चढवला. छत्तीस किलो तांदूळ. डाळ, फणसाची भाजी, खोबऱ्याचं सांबोल. पानं म्हणून तळ्यातली कमळाची पानं. अकराला सगळं तयार झालं आणि ती मांडवात उभी राहिली.

झेंडा धरायला त्या वर्षी मी नव्हतो. मी रस्त्यापलीकडे माझ्याच रिक्षात, माझ्याच रांगेत होतो. तशी झेंड्याची गरजही नव्हती, गाड्या आधीच थांबलेल्या होत्या. दीडदोनशे गाड्या, तीनचारशे माणसं, मांडवापासून वीस पावलांवर. फोडणीचा वास सरळ अंगावर येत होता.

कुणी उतरलं नाही.

एरवी हीच माणसं ब्रेक दाबून, मुलांना खांद्यावर घेऊन धावत यायची. पण एरवी त्यांना भूक नसायची. मजा म्हणून फुकट जेवणं वेगळं आणि पोटात काही नाही म्हणून फुकट जेवणं वेगळं. ज्याला त्याला वाटत होतं, आपण उतरलो तर सगळ्यांना कळेल. मलाही तेच वाटत होतं. अक्कानं हात हलवून बोलावलं. मी ओरडून सांगितलं, ‘आत्ताच जेवलोय अक्का.’ माझ्या पोटात तेव्हा आदल्या संध्याकाळचा चहा होता.

बारा वाजले. दोन सायकलवाले जेवून गेले, विहारापाशी बसणारा एक म्हातारा जेवून गेला. साडेबारा. हंड्यावरचं फडकं तसंच. त्या उन्हात भात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नसता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा रत्नपालचा भात कुत्र्यांना घालायची पाळी आली होती. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी रिक्षाचा आरसा पुसत बसलो. त्यात काही पुसण्यासारखं नव्हतं.

एकच्या सुमाराला ती रस्ता ओलांडून आली. हातात डाव. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण ती माझ्यापाशी थांबली नाही. हेरत सरांच्या मोटारीपाशी गेली आणि काचेवर टकटक केली. सरांनी काच खाली केली आणि ती बोलायच्या आतच म्हणाले, ‘बिसो, माझं जेवण झालंय.’

‘जेवायला नाही बोलवत सर,’ ती म्हणाली. ‘कबुली द्यायला आलेय.’

तिचा आवाज मुळातच मोठा. आजूबाजूची दारं उघडली. जिनदास पेटीवरून उतरला.

‘तुम्ही सगळे माझ्याकडून पुडकं नेता ना? इतकी वर्षं नेता. दर पुडक्यामागं मी मूठभर तांदूळ मारलाय. सत्तावीस वर्षं मारलाय. तिकडे हंड्यात शिजवलाय तो तोच. दानबिन काही नाही ते. तुमचंच आहे, माझ्याकडे राहिलंय. आज परत करायचंय, माझ्याच्यानं आता सांभाळवत नाही. ज्याचं त्यानं घेऊन जा.’

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मी उभा राहिलो. माझ्या तोंडाशी आलं होतं, अक्का, काय बोलतेस. भिंतीपलीकडून मी तेरा वर्षं ते झाकण ऐकलं होतं. दुकानाचा तांदूळ पोत्यातून यायचा, दुकानातच शिजायचा. रांजण आतल्या खोलीत, नवऱ्याच्या फोटोखाली. एक दाणा इकडचा तिकडे झालेला नव्हता. जिनं सुई दोऱ्यासकट परत केली, ती पांढऱ्या साडीत, वेसाकच्या दिवशी, सकाळी पंचशील घेऊन आलेल्या तोंडानं, साऱ्या गावासमोर खोटं बोलत होती. खोटं बोलणार नाही हे चौथं शील. त्यात पुन्हा स्वतःला चोर ठरवत होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. भाडं थकल्यावर जशी बघायची तसं. मी खाली बसलो.

हेरत सरांनी तिच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. मग त्यांनी दार उघडलं, बाहेर आले, पँट झटकली, चष्मा सारखा केला. वर्गात आल्यासारखे.

‘किती वर्षं म्हणालीस?’

‘सत्तावीस.’

‘मी शाळेत असताना रोज दुपारी तुझंच पुडकं खात होतो. सोळा वर्षं. सुट्ट्या वगळ. वर्षाला दोनशे मुठी धर.’ त्यांनी हवेतच बोटानं गुणाकार केला. ‘तीन हजार दोनशे मुठी तांदूळ आहे माझा तुझ्याकडे. आणि हे बघ बिसो, मी काही परदेशातला सावकार नाही, मुदत वाढवून द्यायला. आत्ताच्या आत्ता पाहिजे. व्याजासकट.’

‘चला, देते,’ अक्का म्हणाली. ‘व्याज म्हणून डाळ घ्या.’

सर रस्ता ओलांडून निघाले. ताठ. हात मागे बांधून, जसे ते प्रार्थनेच्या वेळी ओळींमधून फिरायचे.

मग काय झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. जिनदास ओरडला, तरीच मी म्हणतो माझं पुडकं हातात हलकं का लागतं. मोटारींची दारं धडाधड उघडली. लोक तावातावानं मांडवाकडे निघाले. ‘माझी नऊ वर्षं!’ ‘माझ्या बापाची पण धर, तो पण इथेच जेवायचा.’ बँकेतल्या बाई, ज्या कधी कुणाशी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, त्या सांगत होत्या की ऑफिसात दर शुक्रवारी सहा पुडकी यायची, तेव्हा सहा माणसांचं येणं त्यांच्याच पानावर वाढावं. भांडणं लागली, कुणाचं येणं आधी. कुणी मान खाली घातली नव्हती. अक्का डाव भरभरून वाढत होती आणि प्रत्येकाच्या शिव्या खात होती. ‘चोरटी कुठली.’ ‘हो रे बाबा, चोरटी. अजून वाढू?’

रांगेच्या शेपटाकडून एक लॉरीवाला आला, चिलावचा. वाट वाकडी करून डिझेलसाठी आमच्या रांगेत लागलेला. अंगानं आडवा आणि चेहरा तीन दिवसांच्या भुकेनं उतरलेला. पान पुढे करून म्हणाला, ‘अक्का, माझंही येणं आहे.’

अक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिनं त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

‘तुझं तर सगळ्यात जास्त आहे,’ ती म्हणाली आणि तिनं दोन डाव वाढले.

मी जेवलो ते शेवटी. मुलींसाठी आणि चांदनीसाठी तीन पानं तिनं न विचारता बांधून ठेवली होती. मी काही बोलणार तोच म्हणाली, ‘तू तोंड उघडलंस ना मल्ली, तर खोली खाली करायला लावीन.’ अडीच वाजता हंड्याचा तळ लागला. पेट्रोलचा टँकर त्या दिवशी आलाच नाही. पण तीनचारशे माणसं कुणाचंही काही न लागता जेवली होती. मी माझ्या गावाचा इतका अभिमान आधी कधी बाळगला नव्हता, आणि त्या वेळी तो मनातच ठेवावा लागला.

गुरुवारी बातमी आली. व्याज भरायची वाढीव मुदतही संपली, देश आता रीतसर बुडालेला. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच, असं पेपरात होतं. हेरत सरांनी ती बातमी दुकानाच्या बाकावर बसून वाचून दाखवली. जिनदास म्हणाला, ‘देशानं हात वर केले, पण आमच्या अक्कानं फेडलं हो.’ सगळे हसले. अक्का भात भरत होती. तिनं वाडग्याच्या काठावरून उलथनं फिरवलं आणि पुढचं पान घेतलं.

तो बट्टा मात्र चिकटला. पोरंटोरं ‘मूठमार अक्का’ म्हणायची. गिऱ्हाईक म्हणायचं, नीट भर हं, आता आमचं लक्ष आहे. फक्त एक घर तिला काही बोलायचं नाही, ते आमचं. एकदा मी धीर करून विचारलं, की शील मोडून काय मिळवलंस, आणि नाव गेलं ते वेगळंच. ती नारळ खोवत होती.

‘पाप झालं ते माझं मी बघीन,’ ती म्हणाली. ‘माझा अप्पा खाली मान घालून घरी आला होता. एवढी माणसं तशी गेली असती ना, तर रत्नपालला तो भात गेला नसता.’ मग विळीवरून हात न काढता म्हणाली, ‘मी मरेपर्यंत बोलायचं नाही. शपथ घे.’ मी शपथ घेतली.

तेवीस आणि चोवीस सालीही तिची दानसल झाली. ह्या जानेवारीत ती झोपेतच गेली. अडुसष्टाव्या वर्षी, कुणाचं एका पैचं देणं न ठेवता. माणूस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात भिक्षूंना जेवण देतात, ते दान आम्ही शेजाऱ्यांनीच दिलं, तिच्याच अंगणात. भिक्षू जेवून आशीर्वाद देऊन गेल्यावर चटयांवर गाव बसलं. कमळाची पानं मांडली. हेरत सर तिच्याविषयी चार शब्द बोलले. तिचे कष्ट सांगितले, बाप सांगितला, रत्नपाल सांगितला. त्या मुठींविषयी काही बोलले नाहीत. मला वाटलं, मेलेल्या माणसाचं झाकून ठेवतायत, सभ्य माणूस.

ते मला सहन झालं नाही. मी उठलो. म्हणालो, तिनं तुमचा एक दाणाही घेतला नव्हता. तो रांजण तिच्या नवऱ्याच्या वाटणीचा होता, मी भिंतीपलीकडून सोळा वर्षं ऐकलाय. ती खोटं बोलली. तुम्ही उतरत नव्हतात म्हणून बोलली. आज शपथ सुटली म्हणून सांगतो, आता तरी तिला मूठमार म्हणू नका.

मी थांबलो आणि माणसांकडे पाहिलं. कुणी चकित झालं नव्हतं. जिनदास पानाची कड चुरत होता. बँकेतल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. मागच्या चटईवर तो चिलावचा लॉरीवाला बसला होता. सकाळीच त्यानं तांदळाचं एक पोतं उतरवलं होतं.

तो म्हणाला, ‘दादा, त्या दिवशी मी ह्या गावात पहिल्यांदाच आलो होतो.’

हेरत सरांनी मला हातानं खाली बसवलं.

‘बस, विजेपाल,’ ते म्हणाले. ‘आम्ही त्या दिवशी उपाशी होतो. खुळे नव्हतो.’

मी बसलो. कुणीतरी माझ्या पानावर भात वाढला.